तीस फॉर्म आणि एक सिनेटर

अमेरिकेतल्या मराठी माणसाला अमेरिकेचा इतिहास सांगायला जाऊ नये, हे शहाणपण मला सत्तरी उलटल्यावर आलं. आमच्या मंडळाच्या ज्येष्ठ गटात मी एका सिनेटरवर व्याख्यान ठेवलं होतं. पाऊण तास मिळणार होता. माझ्या आधीच्या काकांचे अलास्का क्रूझचे फोटो संपेनात, तेव्हा पाऊण तासाची वीस मिनिटं झाली. बाराव्या मिनिटाला किचनमधून बटाटेवड्यांचा वास आला आणि अध्यक्षांनी पहिल्या रांगेतून मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. त्या बिचाऱ्या सिनेटरला मी तेव्हा नुकतं कुठे सिनेटमध्ये निवडून आणलं होतं. उरलेली कारकीर्द तीन वाक्यांत उरकली आणि प्रश्न विचारा म्हटलं. एकच प्रश्न आला: चहा वड्यांबरोबर आहे की नंतर?

त्या माणसाशी माझा संबंध औषधांमुळे आला. मी शिकागोच्या एका उपनगरात चौतीस वर्षं फार्मासिस्ट होते. पहिल्या वर्षी दुकानातल्या म्हाताऱ्या वरिष्ठांनी मला सांगितलं की औषध विकायच्या आधी ते खरंच काम करतं हे कंपनीनं सिद्ध करायचं, ही सक्ती या देशात एका सिनेटरच्या हट्टामुळे आली. त्याआधी नव्हती. मला ते खरं वाटेना, म्हणून लायब्ररीत जाऊन वाचलं, आणि वाचता वाचता कळलं की औषध कंपन्यांच्या आधी या गृहस्थानं गुंडांना धरलं होतं. तेव्हापासून त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत आले. नवऱ्याच्या मते एवढा अभ्यास मी त्याच्या स्वभावाचा केला असता तर संसार सुखाचा झाला असता.

व्याख्यानात राहिलं ते इथे सांगते, इथे वड्यांचा वास नाही. तो दक्षिणेकडच्या एका राज्यातला वकील. उंच, चष्मा लावणारा, बोलायला संथ. त्याच्या राज्यात कुणी निवडून यायचं हे एक बडं धेंड ठरवायचं. त्या धेंडाला न जुमानता हा उभा राहिला आणि निवडूनही आला. सिनेटमध्ये गेल्यावर त्यानं संघटित गुन्हेगारीच्या चौकशीसाठी समिती मागून घेतली आणि ती घेऊन शहरोशहरी हिंडला. जुगाराचे अड्डे चालवणारे, त्यांच्याकडून हप्ते घेणारे पोलीस आणि दोघांच्या जिवावर निवडून येणारे पुढारी, सगळ्यांना टेबलासमोर बसवून त्यानं शांतपणे प्रश्न विचारले. टीव्ही तेव्हा नवा होता. बायका हातातली इस्त्री खाली ठेवून ती चौकशी बघायच्या. एका बड्या गुंडानं चेहरा दाखवायचा नाही अशी अट घातली, तर कॅमेऱ्यानं त्याचे हात दाखवले, आणि अख्खा देश त्या हातांची चुळबुळ बघत बसला. बरेच साक्षीदार पाठ केलेलं एकच उत्तर द्यायचे: सांगितलं तर मीच अडकेन, म्हणून सांगत नाही. हे वाचताना मी पुस्तकावर चिडायचे. अरे, केलंयस ना, मग सांग की.

चौकशीत त्याच्याच पक्षाचे लोक उघडे पडले, आमच्या शिकागोतलेसुद्धा. पक्षातल्या बड्यांनी ते कधी माफ केलं नाही. पुढे अध्यक्षपदासाठी तो राज्याराज्यांतून लोकांशी हात मिळवत फिरला, लोकांनी भरभरून मतं दिली, पण पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारी गेली दुसऱ्याला. नंतरच्या खेपेला उपाध्यक्षपदाची उमेदवारी तेवढी मिळाली आणि ती निवडणूक पक्ष हरला. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. यानं औषध कंपन्या हातात घेतल्या, आणि सिनेटर असतानाच वारला. असा माणूस बघितला की मला आपल्या लोकांचा राग येतो. "आपल्याला काय करायचंय" हे वाक्य त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडे ते बाळकडूबरोबर पाजतात.

त्या रागाच्या भरात मी आमच्या गावच्या लायब्ररी बोर्डाच्या निवडणुकीला उभी राहिले. बोर्डावर वर्षानुवर्षं तेच सात जण, बिनविरोध. बैठक मंगळवारी भर दुपारी, म्हणजे नोकरी करणाऱ्यानं येऊच नये. भारतीय भाषांची पुस्तकं तळघरात का हलवली, हे विचारायला मी तीनदा गेले आणि तिन्ही वेळा "नोंद घेतली आहे" एवढं ऐकून परत आले. नवरा म्हणाला, "लष्करच्या भाकऱ्या भाजायला निघालीस. भाज. पण मला पीठ मळायला बोलावू नकोस."

गावात मराठी घरं शंभरावर, पण एप्रिलमधल्या या निवडणुकीला मत देणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. देशाचा अध्यक्ष निवडायचा असला की हे लोक चार महिने एकमेकांशी भांडतात, आणि गावची निवडणूक असली की "अय्या, कधी होती?" कितीतरी जणांनी मतदार म्हणून नावच नोंदवलेलं नव्हतं. फॉर्म दिला की घरी न्यायचे, आणि घरी गेलेला फॉर्म फ्रीजवर मॅग्नेटखाली पडून राहायचा. ऑनलाइन करा म्हटलं की "करतो ना काकू, वीकेंडला." असे किती वीकेंड गेले याची मोजदाद नाही.

शेवटी मी माझ्या पद्धतीनं केलं. इथे नवीन आलेल्या प्रत्येकाचे फॉर्म मी आजवर भरत आले आहे, लायसन्सचे, विम्याचे, मुलांच्या शाळेचे. मी भरायचं, त्यांनी सही करायची, पोस्टात टाकायचं काम माझं. मंडळाच्या यादीत घरटी एकच नाव असतं, ती नावं-पत्ते घेऊन मी तीस फॉर्म सुवाच्य अक्षरात भरले. अमेरिकेचे नागरिक आहात का, या प्रश्नापुढे तीसही ठिकाणी "हो"वर खूण केली. जन्मतारीख, लायसन्सचा नंबर आणि सही एवढंच त्यांच्यासाठी ठेवलं. इथे हळदीकुंकवाला नवरेही येतात, म्हणून संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शाळेच्या हॉलच्या दाराशी टेबल टाकलं आणि सही केल्याशिवाय कुणाला तिळगुळाकडे जाऊ दिलं नाही. सगळे हसत हसत सह्या करत होते. मला फार बरं वाटलं. त्या सिनेटरला शोभेलसं काहीतरी आपल्या हातून होतंय असं वाटलं.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी फोन आला. मंडळातली नागपूरची एक मुलगी. ती आणि तिचा नवरा दोघंही आयटीत, बारा वर्षं इथे, स्वतःचं घर, दोन मुलं शाळेत.

"काकू, बिझी आहात का? मेलमध्ये ह्याच्या नावानं व्होटर कार्ड आलंय."

"छान. त्या दिवशी लवकर जा, पार्किंग मिळत नाही."

"काकू, आम्ही सिटिझन नाही. आमचं तर ग्रीन कार्डसुद्धा झालं नाही अजून."

मला वाटलं ती थट्टा करतेय. "अगं, बारा वर्षं झाली तुम्हाला."

"लाइन आहे ना काकू, इंडियावाल्यांची. वकील म्हणतो, सिटिझन आहे असं खोटं क्लेम केलेलं निघालं तर कार्ड कधीच मिळणार नाही. परत जावं लागेल." मग म्हणाली, "मुलांना काय सांगू मी?"

आम्ही आलो तेव्हा दोन वर्षांत ग्रीन कार्ड हातात पडलं होतं आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेचा पासपोर्ट. घर घेऊन, मुलं वाढवून, बारा वर्षांनीही माणूस व्हिसावर असू शकतो हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ही दोघं महिन्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर जेवायची. त्यांना वरण वाढताना मी त्या सिनेटरची अख्खी कारकीर्द ऐकवली होती, पण तुमचं इथलं कसं चाललंय हे एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवशी उरलेल्या एकोणतीस घरी फोन लावले. ते सगळे नागरिक निघाले. एकच निघाला नाही, आणि त्याच्या संसाराची वाट लावायला माझी एक खूण पुरेशी होती.

नवऱ्यानं दुपारच्या आत मला वकील गाठून दिला. वकिलानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, कुणी काही विचारलं तरी तोंड उघडू नका. दुसऱ्याच्या फॉर्मवर खोटी खूण तुम्ही केलीत, त्यात तुम्हीच अडकाल. तो बोलत होता तेव्हा माझी बोटं पर्सच्या बंदाशी चाळा करत होती आणि ते मला दिसत होतं. तीन दिवस मी गप्प बसले. त्या मुलीचे दोन फोन आले, ते घेतले नाहीत. नवरा म्हणत होता, वकिलाचं ऐक, जन्मभर स्वतःचंच ऐकलंस. तोंड बंद ठेवायला माणूस गुंड असावा लागत नाही, नुसता घाबरलेला असला तरी पुरतो, हे मला त्या तीन दिवसांत कळलं. पुस्तकावर चिडत होते तेव्हाची मी मला आठवली आणि लाज वाटली.

चौथ्या दिवशी मी त्या दोघांच्या वकिलाकडे गेले. त्याच्या ऑफिसात नोटरीसमोर शपथेवर लिहून दिलं: फॉर्म मी भरला, "हो"ची खूण माझी, आणि या माणसानं न वाचता सही केली. मग त्या मुलीच्या इंजिनिअर नवऱ्याला माझ्या गाडीत बसवून काउंटीच्या निवडणूक ऑफिसात नेलं. खिडकीमागच्या बाईनं विचारलं, ही खूण कुणी केली? मी म्हटलं, मी. तिनं तो कागद दोनदा वाचला, आत जाऊन आली, नाव काढून टाकू म्हणाली आणि माझा फोन नंबर लिहून घेतला. पुढे त्याचं नाव रद्द झाल्याचं पत्र रीतसर आलं. मला आजवर कुणी फोन केलेला नाही. तो अजून त्या लाइनमध्ये उभा आहे, आणि त्याच्या वकिलाच्या मते तूर्त घाबरायचं कारण नाही. लायब्ररीची निवडणूक मी हरले. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी परत येताना गाडी मी चालवत होते. भीती उतरली की मला राग येतो, तसा तो आला.

"इंजिनिअर ना तू? दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतोस. सही करण्यापूर्वी एक ओळ वाचता येत नाही?"

तो खिडकीबाहेर बघत होता. "वाचली होती, काकू."

"काय वाचली होतीस?"

"सिटिझनची लाइन. येसवर टिक होती. मी हिलाही दाखवली. ही म्हणाली, काकूंना सांग. मी म्हटलं, जाऊ दे, ऑफिसवाले रिजेक्ट करतील."

तासाभरापूर्वी मी शपथेवर लिहून दिलं होतं की यानं वाचलं नव्हतं. गाडी वळवावी, परत त्या वकिलाकडे जावं आणि कागद दुरुस्त करून द्यावा, हे मला कळत होतं. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत मी तेच सांगितलं असतं, आणि तावातावानं सांगितलं असतं. मी गाडी वळवली नाही. आज हे लिहिताना कुणाचंच नाव घातलेलं नाही ते त्याचमुळे.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही टेबलापाशी उभ्या होता. मागे लाइन लागली होती. तुम्हाला नाही कोण म्हणतं, काकू?"

"म्हणजे तुम्ही सगळे मला घाबरता?"

"नाही, नाही," तो घाईघाईनं म्हणाला. "रिस्पेक्ट करतो."

ते तो अगदी मनापासून म्हणाला. निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. घरोघर जाऊन मी विचारत होते, मत देणार ना, आणि आजवर एकही माणूस मला नाही म्हणाला नव्हता.