गावाचा एकच माणूस

फाल्गुन सरत आला होता. पहाटे अजून गारवा होता, पण दिवस कासराभर वर आला की सीमेवरच्या दुबलगुंडी गावचा काळा पाषाण तापायला लागायचा. म्हणून हावगेप्पा आणि गुंडेराव इहिरी खणायचं काम उजाडताच धरत. खाली गुंडेराव, वर हावगेप्पा. गुंडेराव सुरुंगाची वात पेटवून दोराला दोन हिसके देई, वर हावगेप्पा बैल हाकी, आणि कप्पीवरून माणूस वर येई. बावीस वर्षांत एकदाही उशीर झाला नव्हता. हावगेप्पा लिंगायत, गुंडेराव छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या गल्लीतला. पण गाव दोघांना मिळून इहीरवाले म्हणायचं.

शहाऐंशी साली गावाजवळ मोटारींच्या सुट्या भागांचा कारखाना ठरला. पैसा जपानी कंपनीचा. तेव्हा जपान म्हटलं की लोक घड्याळसुद्धा डोळे झाकून घेत. जपानी साहेब आला आणि बौद्ध गल्लीत बुद्धाच्या तसबिरीपुढं कमरेत वाकला. गल्लीतली भागाबाई हरखली, "आपलाच माणूस आला की गं बाई!"

"वाकला म्हणून सोयरा झाला व्हय?" गुंडेराव म्हणाला. "त्यो चहाच्या कपापुढं बी वाकायलाय."

गावात काही ठरवायचं तर दोन्ही गल्ल्यांचे म्हातारे शाळेपुढच्या लिंबाखाली बसत, दोन दिवस भांडत, आणि उठताना काहीतरी ठरलेलं असे. कंपनीच्या बंगळूरच्या अधिकाऱ्याला एवढी सवड नव्हती. "गावाचा एकच माणूस द्या. तो सांगेल त्या चाळीस जणांना नोकरी." हावगेप्पाला कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही येत. अधिकाऱ्यानं त्यालाच धरलं.

"आमच्या गल्लीतले पंधरा घाल, अण्णा," गुंडेराव म्हणाला. "माझं नाव नको."

"व्हय, घालतो."

म्हणाला तेव्हा ते त्याच्या मनात होतंच. मग मेव्हणा शिवशंकरप्पा येऊन बसला, भावकी आली, भावकीची भावकी आली. पंधराचे आठ झाले, आठाचे दोन.

यादी वाचली त्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर दगड चालले. भागाबाईच्या दिराचा डोळा गेला, कडब्याच्या दोन गंज्या पेटल्या, पोलीस येऊन बसले. जपानी साहेब कुणावर ओरडला नाही. कंपनीनं कुंपण उंच केलं आणि बांधकाम चालू ठेवलं. लिंबाखाली मात्र दोन्ही गल्ल्या परत बसल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात जवळच्या मुडबी गावच्या इहिरीचं काम आलं. हावगेप्पा गुंडेरावच्या दारात जाऊन उभा राहिला.

"चल की."

"मी न्हाई उतरणार, अण्णा."

"कामून? मी दोर सोडला का कधी?"

"न्हाई सोडलास. पण आता खाली गेलो की वर कोण हाय, ते बघावं वाटतंय. वात पेटवताना माणसानं वर बघू न्हाई."

"त्या कंपनीनंच लावलं हे सगळं."

"कंपनीनं एक माणूस मागितला. नावं तू सांगितलीस."

गुंडेरावनं पाण्याचा तांब्या पुढं केला. हावगेप्पा उभ्यानंच प्यायला. तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि घरची वाट धरली.

घरी बायकोनं, ईरम्मानं, विचारलं, "येतोय का?"

"न्हाई. मी बी जात न्हाई आता."

ती सूप घेऊन खाली बसली. अंगणात पेरणीसाठी ठेवलेल्या शेंगांचा ढीग होता. हावगेप्पा तिच्या समोर उकिडवा बसला आणि शेंगा फोडायला लागला.