ठासून भरलेले चाळीस डबे

माझी आत्या डबाबंद भाज्या विकते. मटार, मका, फरसबी, गाजर. गेली बावीस वर्षं. दुकानदार तिला तोंडावर 'बाई' म्हणतात आणि पाठीमागे 'तोफ'. तिला दोन्ही माहीत आहेत आणि दुसरंच जास्त आवडतं.

आमच्याकडे किराण्याचा सगळा व्यापार सरकारी मंडळाच्या शिस्तीत चालतो. डब्याचा भाव मंडळ ठरवतं, माप मंडळ ठरवतं, लेबलावरच्या अक्षरांची उंचीसुद्धा मंडळच ठरवतं. जाहिरात नाही, सूट नाही, एकावर एक फुकट तर नाहीच नाही. प्रत्येक जिल्ह्यातल्या दुकानांत प्रत्येक भाजीसाठी फळीवर फक्त तीन कारखान्यांना जागा, तीही तीन वर्षांसाठी. मिळाली तर मिळाली, हुकली तर तीन वर्षं माश्या मारत बसा. त्या तिघांपैकी कुणाची किती खोकी घ्यायची, एवढं मात्र दुकानदाराच्या हातात असतं.

मी एकदा विचारलं, "मग यात तू विकतेस तरी काय?"

"तोंड," आत्या म्हणाली. "बाकी सगळं मंडळाचं."

आणि तिचं ते तोंड चालताना बघावं. एका दुकानदाराने नाक मुरडलं, "बाई, ताजा मटार सोडून हा पत्र्यातला कोण खाणार?"

"ताजा मटार सोलायला कोण बसणार? तुम्ही?"

"मी कशाला? घरात बायको आहे की."

"हो का? तिलाच विचारू या. वहिनी, जरा बाहेर येता का?"

वहिनी बाहेर आल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "दोन खोकी जास्तीची घ्या." दुकानदार निमूट सही करायला लागला.

कारखाना आमचाच. छोटासा, आठ माणसांचा. तो माझे बाबा सांभाळतात. आत्या मोठी, बाबा धाकटे. ते अख्ख्या कारखान्याचे मालक आहेत, केस पिकलेत, पण आत्यासाठी अजून 'बाळ्या'च. दोघांची विभागणी अशी, की बाबा भरतात आणि आत्या खपवते. बाबांचा हात सढळ. पाहुण्याच्या ताटात ते भात वाढायला लागले, की पाहुण्याला ताट उचलून पळावं लागतं. हा सढळ हातच एक दिवस आमच्या मुळावर आला.

मटाराची तीन वर्षं संपत आली होती. जागा पुन्हा मिळायची तर मंडळाची तपासणी पास व्हावी लागते. मटार हा आमचा निम्म्याहून जास्त धंदा. तो गेला असता तर कारखान्याला टाळंच लागलं असतं. तपासनीस बाई सकाळी दहाला आमच्या गोदामात आल्या. बारीक अंगाच्या, बोलणं मोजकं. गोदामात मटाराची पन्नास खोकी रचून ठेवलेली, एकेकात चोवीस डबे. त्यांनी दाराजवळच्या खोक्यातले सहा डबे उचलले, उघडले, मटार चाळणीवर ओतला, दोन मिनिटं निथळू दिला आणि वजन केलं. लेबलावर लिहिलं होतं, निथळलेला मटार दोनशे चाळीस ग्रॅम.

"दोनशे ब्याण्णव," बाई म्हणाल्या.

बाबा खुलले. "बघा! आम्ही हातचं राखून देतच नाही."

दुसरा डबा दोनशे अठ्ठ्याऐंशी. तिसरा दोनशे पंच्याण्णव. सहाव्यानंतर बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "नापास."

"अहो, जास्त दिलंय!" बाबांचा आवाज चढला. "कमी दिलं असतं तर समजू शकलो असतो. जास्त दिलं म्हणून नापास?"

"डब्याला उष्णता किती वेळ द्यायची, ते दोनशे चाळीसच्या हिशोबाने ठरलंय. तुम्ही ठासून भरलंत. मधल्या दाण्यापर्यंत उष्णता पोचली नाही, तर जंतू जिवंत राहतात. ती पोचली असेल याची खात्री तुम्ही देता?"

आत्याने बाबांकडे पाहिलं. तिला बाकी काही विचारायची गरजच नव्हती.

"बाळ्या, किती डबे?"

"चाळीस," बाबा पुटपुटले. "तपासणी आहे म्हणून… म्हटलं, आपला मटार भरगच्च दिसावा. मीच भरले, कामावरच्या सगळ्या बायका घरी गेल्यावर."

"ठेवलेस कुठे?"

"चोवीस या दाराजवळच्या खोक्यात. बाकीचे सोळा… सगळीकडे. म्हटलं, कुठलंही खोकं उघडलं तरी एखादा हाताला लागावा."

"वा! काय डोकं चालवलंस!"

आत्या बाईंकडे वळली. "कारखान्याने चूक स्वतःहून लिहून दिली, तर माल निवडून पुन्हा नमुना देता येतो ना?"

"एकदाच. सगळे खराब डबे बाजूला काढलेत, असं सही करून द्यावं लागेल. त्यानंतर मी कुठलाही डबा उचलेन. त्यात एक जरी ठासलेला निघाला, तर तीन वर्षं बाहेर. पण बाराशे डबे उघडून बघणार आहात का?"

"उघडायचे कशाला?" आत्याने पदर खोचला. "एक चमचा द्या कुणीतरी."

हे मलाही नवीन होतं. लग्नाआधी आत्याने दुसऱ्या एका कारखान्यात चार वर्षं नोकरी केली होती. काम एकच, सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या प्रत्येक डब्याच्या झाकणावर चमच्याच्या दांड्याने टिचकी मारायची. नीट भरलेला डबा टण्ण वाजतो. ठासून भरलेला बद्द वाजतो, ओल्या लाकडासारखा.

दाराजवळच्या खोक्यातले उरलेले अठरा तर ठरलेलेच होते, ते आधी बाजूला झाले. मग आम्ही खोकी फोडून डबे रांगेने मांडत गेलो आणि आत्या वाकून पुढे सरकत गेली. टण्ण, टण्ण, टण्ण, बद्द. "हा काढा." टण्ण, टण्ण. तपासनीस बाई आधी घड्याळ बघत होत्या, मग घड्याळ विसरल्या. एक बद्द डबा त्यांनी स्वतः मागून घेतला, वाजवून बघितला, शेजारचा वाजवला आणि म्हणाल्या, "मला काही फरक कळत नाही."

"चार वर्षं उभं राहा, कळेल."

दीड तासाने शेवटची रांग संपली. वाजवून बाजूला काढलेले डबे बाबांनी मोजले. पंधरा.

"एक राहिला," बाबा म्हणाले. "ताई, परत एकदा बघ ना."

"नाही."

"अगं, तीन वर्षांचा प्रश्न आहे! चुकून एखादा निसटला असेल…"

"निसटलेला नाही. तो डबा या गोदामात नाहीच. असता तर मला सापडला असता. तू आठव."

"मी चाळीस भरले! मोजून!"

"भरलेस चाळीस. इथे आणलेस किती?"

बाबांनी बोटांवर पुन्हा मोजलं. मग त्यांचा चेहरा एकदम पांढरा पडला. "एक… घरी नेला. खोक्यात भरायच्या आधीच. म्हटलं, हिलाही दाखवू, कसा भरलाय."

आत्याने घरी फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"वहिनी, तो मटाराचा डबा कुठाय?"

"ओट्यावर," माझ्या आईचा आवाज आला. "कांदा परतलाय, आता उघडतेच आहे. का हो?"

"उघडू नका! हात लावू नका त्याला!"

"अगंबाई! झालं काय?"

"तुमच्या नवऱ्याने प्रेमाने भरलाय तो."

"मग राहू दे," आई म्हणाली. "बटाटा घालते."

तपासनीस बाई पहिल्यांदा हसल्या. हसून झाल्यावर पुन्हा तपासनीस झाल्या आणि त्यांनी कागद पुढे केला. आत्याने वाचला, सही केली, पेन परत दिलं. बाबा मात्र भिंतीला टेकून उभे होते.

बाईंनी या वेळी गोदामभर फिरून डबे उचलले, तळातला एक, कोपऱ्यातला एक, रांगेच्या मधला एक. दोनशे एक्केचाळीस. दोनशे त्रेचाळीस. दोनशे चाळीस. सहावा डबा निथळायला ठेवला तेव्हा बाबा बाहेर जाऊन उभे राहिले. दोनशे बेचाळीस.

शिक्का बसला. मटाराची जागा आणखी तीन वर्षं आमची.

"एक काम बाकी आहे," बाई म्हणाल्या. "बाजूला काढलेले डबे माझ्यासमोर नष्ट करायचे."

आत्याने पिंप आणवलं आणि बाबांच्या हातात ओपनर दिलं. "भर."

"आं?"

"डब्यात भरलास ना, आता पिंपात भर."

बाबा खाली बसले. पहिला डबा उघडला, हिरवागार मटार, दाणा न दाणा टपोरा. त्यांनी आत्याकडे पाहिलं. "ताई, काय सुंदर दिसतोय बघ. एवढा चांगला माल…"

"ओत."

त्यांनी ओतला. दुसरा ओतला. दहाव्या डब्याला ते मनगट चोळायला लागले, तशी आत्याने दुसरं ओपनर काढलं आणि पिंपाच्या पलीकडे मांडी घालून बसली.

"मला वाटलं, जास्त दिलं तर लोक खूश होतील," बाबा म्हणाले.

"होतात ना. पण खाणारा खातो कुणाच्या भरवशावर? लेबलाच्या. तू मायेने भरलास, हे त्याच्या पोटाला कुठे कळणार?" तिने एक डबा ओतला आणि पुढचा ओढला. "उद्यापासून तुझ्या टेबलावर वजनकाटा ठेवतेय. आणि मटाराचा हंगाम संपेपर्यंत तू लेबलं चिकटव."

"ताई, मालक आहे मी!"

"हो ना. म्हणून तर विचारतेय. चिकटवशील ना?"

बाबांनी पुढचा डबा उघडला. "चिकटवीन."