सरळ केबल आणि अकरा पावलं

इथले भुताखेताचे अनुभव मी वाचतो, आणि खरं सांगू, बहुतेक अर्ध्यावर सोडून देतो. पंचवीस वर्षं अकोल्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. बंद मशीनच्या आत आजवर धूळ निघाली, झुरळं निघाली, एकदा पाल निघाली. भूत काही निघालं नाही. हे लिहायचाही कंटाळाच होता... पण मनात ठेवूनही थकलो आता.

गेल्या एप्रिलची गोष्ट. बाळापूरहून नूरबी खाला दुकानात आल्या, सोबत त्यांचा भाचा इक्बाल. पिशवीतून एक जुना पोर्टेबल कॉम्प्युटर काढला. पाटीएवढा, चार पेन्सिल सेलवर चालणारा, तीसेक वर्षांपूर्वी कोणीतरी सौदीहून आणलेला. त्यांच्या गल्लीतल्या मास्तरांचा होता तो. मास्तरांनी घरोघर विचारून त्यात कब्रस्तानाची यादी केली होती — कोणाची कबर कुठे. मास्तर गेले, पण सेल संपले की यादी पुसली जाईल, ते संपू द्यायचे नाहीत असं घरच्यांना बजावून गेले आणि घरच्यांनी ते पाळलं. आता स्क्रीन मेला होता. चालू केलं की नुसतं बीप वाजायचं.

"माहं पोरगं दोन महिन्याचं गेलं," खाला म्हणाल्या. "चाळीस साल झाले. आमच्यात बायका कब्रस्तानात जात नाईत, भाऊ. त्याच्या बापानं नेलं अन् दफन करून आले. मी विचारलं नाई, त्यायनं सांगतलं नाई. आता ते बी गेले. मले मराच्या आधी फकत जागा पाहाची हाये."

पाहतो म्हणालो. आणि तीन आठवडे हातही लावला नाही. दुकानात कामाचा ढीग, अंगात ताकद नाही... इक्बालचा फोन आला की "उद्या" म्हणायचो. शेवटी तो म्हणाला, "खालाची तब्येत बरी नाई, भाऊ. होत नसन तं नाई म्हना, पन असं लटकवून नका ठेवू." लाज वाटली मला.

स्क्रीन नसला तरी या मशीनला मागे सीरियल पोर्ट असतो. कोणती बटणं दाबली की फाईल बाहेर जाते, ते मला पाठ. शिकाऊ असताना अशाच मशीनवर बसायचो. दुपारी केबल सोल्डर केली, यूएसबी कन्व्हर्टर लावून लॅपटॉपला जोडली, बटणं दाबली. काहीच नाही. म्हटलं मरू दे, आधी जेवू. डबा खाऊन, हात धुऊन आलो तर लॅपटॉपवर दोन ओळी कचरा, आणि त्याखाली रोमन अक्षरांत एक ओळ — हमीदचा मुलगा, दोन महिने. फाटकापासून उजवीकडे, भिंतीच्या कडेनं अकरा पावलं. डोक्याशी पाट्याचा तुकडा.

हमीद म्हणजे खालांचे गेलेले मालक.

बाकीची यादी यावी म्हणून पुन्हा पुन्हा करून पाहिलं. नाही आली. मग सवयीनं केबल मीटरवर तपासली. केबल सरळ होती. दोन मशीन जोडताना आतल्या दोन तारा उलटसुलट कराव्या लागतात — याचं तोंड त्याच्या कानाला. सरळ जोडल्या तर तोंडाला तोंड, कानाला कान. बोलतात दोघंही, ऐकत कोणीच नाही. त्या आठवड्यात जिनिंग मिलच्या वजनकाट्यांसाठी सहा केबली केल्या होत्या, त्या सरळच लागतात. हात तसाच चालला. या केबलमधून एक अक्षरही येणं शक्य नव्हतं.

नीट उलटवलेली दुसरी केबल केली. तिच्यातून काही आलं नाही, आणि दोन दिवसांत मशीनचं बीपही बंद झालं.

मला भीती वाटली ती वेगळीच. ही ओळ खोटी असली तर? म्हातारीला भलतीच माती दाखवायची? इक्बालला सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "ओळ तं आली ना भाऊ? मंग चाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आम्ही बाळापूरच्या कब्रस्तानाच्या फाटकाशी होतो. इक्बाल आत गेला. भिंत कमरेएवढी. तो आतून चालू लागला आणि खाला बाहेरून, रस्त्यानं, भिंतीवर हात टेकत त्याच्या बरोबरीनं. मोजत त्याच होत्या. अकराला दोघं थांबले. इक्बालनं खाली बसून गवत बाजूला केलं, माती हातानं उकरली. "पाट्याचा तुकडा हाये, खाला. टाकी लावल्याचे खड्डे दिसून राहिले."

"माहाच मसाल्याचा पाटा हाये," खाला म्हणाल्या. "त्याच आठवड्यात फुटला व्हता. अर्धा कुठी गेला, मले कधी समजलंच नाई."

ती सरळ केबल अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नंतर कितीतरी मशीनला जोडून पाहिली, एक अक्षर येत नाही. लूज कनेक्शन असेल असं कमेंटमध्ये लिहू नका, ते मीही स्वतःला सांगून झालंय. कारण माझ्याकडे नाही, आणि शोधायची ताकदही आता राहिली नाही.

मला केबलपेक्षा दुसरंच छळतं. खाला रडल्या नाहीत. भिंतीवर हात ठेवून त्या रस्त्याकडे बघत राहिल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"इतल्या जवळ व्हता?" त्या म्हणाल्या. "चाळीस साल मी याच भिंतीच्या कडेनं बाजारात गेली."