वऱ्हाडात फिरलेला कोट

जालन्याच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा हमालाने माझ्या सामानाकडे एकदा पाहिलं आणि खेळ कोणत्या गावी आहे ते विचारलं. मला तो नाटक कंपनीचा माणूस समजला. त्याचंही चुकलं नाही. गुंडाळलेला रंगीत पडदा, कॅमेऱ्याची तिकटी, काचांची पेटी, औषधांच्या बाटल्या आणि हातावर टाकलेला एक कोट, एवढं घेऊन चैत्राच्या उन्हात शहाणा माणूस कशाला फिरेल?

पुण्याच्या स्टुडिओतून मी भांडून बाहेर पडलो होतो. मालकांचं म्हणणं असं की फोटो दुकान काढतं, माणूस नव्हे. मग माणसाने दुकान सोडलं. वऱ्हाडात कापसाचा पैसा आहे, लग्नसराईत फोटोवाल्याला लोक डोक्यावर घेतात, असं एका ओळखीच्या माणसाने सांगितलं. त्यानेच मेहकरजवळच्या डोणगावातलं एक लग्नही मिळवून दिलं. दुरून डोंगर साजरे ही म्हण मला पाठ होती, पण भांडलेल्या माणसाला म्हणी आठवत नाहीत.

त्या कोटाबद्दल आधीच सांगून टाकतो. फिरत्या फोटोवाल्याजवळ एक कोट लागतोच. गिऱ्हाईक धोतर-बंडीवर येतं आणि फोटोत मात्र त्याला साहेब दिसायचं असतं. माझा कोट राखाडी रंगाचा, बारीक पांढऱ्या रेघांचा. जुन्या बाजारात घेतला होता. वरचं बटण हरवल्यावर मी तिथे तपकिरी बटण लावलं होतं. बारीक माणसाला घातला की पाठीमागे चिमटे लावायचे, जाड्याला घातला की पाठ उसवलेली ठेवायची. समोरून सगळे सारखेच खानदानी दिसतात.

जालन्याहून मोटारीने देऊळगाव राजाकडे निघालो. निजामाची हद्द संपते तिथल्या नाक्यावर शिपायाने कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं. आपला सोबती त्याला उलटा, पाय वर केलेला दिसला आणि तो इतका हसला की बाकीचं सामान पाहायचं विसरला. पुढे सगळी काळी जमीन, तडकलेली. कापूस कधीच घरी गेला होता आणि पऱ्हाट्यासुद्धा उपटून झाल्या होत्या. कडुलिंब तेवढे हिरवे होते. देऊळगावात बालाजीच्या देवळापाशी मोटार थांबली, तेव्हा फुलांच्या एका दुकानातून मी पाणी मागून प्यालो. दुकानदाराने पाणी दिलं, पण माझं सामान पाहून तांब्या लगेच परत घेतला.

चिखलीत मुक्काम धर्मशाळेत. डोणगावच्या लग्नाला चिखलीचा बँड ठरला होता आणि त्यांच्याच बैलगाड्यांतून मला पुढे जायचं होतं. बँडमास्तर शेख गुलाब हा पोट सुटलेला, मोठा हौशी माणूस. पलटणीतले जुने लाल डगले घेऊन त्याने त्यांना पिवळी फीत लावली होती. अख्ख्या बँडचा फोटो काढायचा म्हणून त्याने सकाळपासून पितळ घासून घेतलं. मी सांगून पाहिलं की माझ्या काचेवर लाल रंग काळा येतो. त्याला वाटलं मी पैसे वाढवतो आहे. फोटो छापून हातात दिला तेव्हा तो म्हणाला की हे तर मयताला निघालेले दिसतात.

त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा नामदेव म्हणून एक जण होता. जातीने माळी, गावाबाहेर स्वतःचा मळा, विहिरीला बारमाही पाणी. माळ्याच्या मुलाने बँडमध्ये वाजवायचं कारण नव्हतं. पण लहानपणी वरातीमागे हिंडता हिंडता तो वाजवायला शिकला आणि मग सोडवेना. त्यापायी तिशी जवळ आली तरी लग्न जमलं नव्हतं. सोयरे मळा पाहायला येत, वाजवतो हे कळलं की चहा पिऊन निघून जात. आता देऊळगाव राजाच्या एका घरून निरोप आला होता. वाजवतो हे त्यांना मध्यस्थाने आधीच सांगितलं होतं आणि तरीही त्यांनी फोटो मागवला होता. नामदेव त्या आनंदात जमिनीवर चालत नव्हता.

तो आईला घेऊन धर्मशाळेत आला. मी पडदा लावला. तो क्लॅरिनेट घेऊन उभा राहिला.

"मले वाजा हातात घेऊन काढा साहेब," तो म्हणाला. "मी जसा हाय तसा दिसलो पाह्यजे."

"वाजा पाहून कोणी पोरगी देते का बे?" त्याची आई म्हणाली. "कोट घाल. साऱ्या गावानं घातला, तुलेच काऊन जड होते?"

त्याने क्लॅरिनेट भिंतीशी ठेवलं आणि कोट चढवला. पाठीमागे मला चार चिमटे लावावे लागले. फोटोत हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना. शेवटी मी ते खुर्चीच्या पाठीवर ठेवायला लावले. फोटो बरा आला. कोणत्याही कारकुनाचा वाटावा तसा आला.

दुसऱ्या दिवशी गाड्या जुंपल्या. वाटभर बँडवाले झोपले होते, नामदेव तेवढा जागा. तो मला सांगत होता की मुलीचं नाव कौसल्या, बापाचं बालाजीजवळ फुलांचं दुकान, आणि बाप जरा कडक आहे. मी तांब्या परत घेणाऱ्या माणसाची आठवण होऊन मान हलवली.

डोणगावचं लग्न किसनरावांच्या धाकट्या भावाचं. घर मोठं, माळ्यांतलंच, ओलिताची शेती. अगत्यात मात्र वऱ्हाडाचा हात कोणी धरणार नाही. आमरसाबरोबर सरगुंडे (काडीवर वळून वाळवलेल्या गव्हाच्या शेवया) वाढले आणि नको म्हटलं की आणखी वाढले. तिखट असं की पुणेकराच्या डोळ्यांतून पाणी यावं, आणि ते पाहून सगळी पंगत खूश. काचा धुवायला मी पहाटेच उठत असे, कारण दिवसा पाणी एवढं तापायचं की काचेवरचा थर सुटून नवरदेवाचा चेहरा ओघळून जायचा. दोन पाहुण्यांचे चेहरे असे गेलेच. त्यांना मी उन्हाला दोष देऊन सांगितलं, आणि खरंही तेच होतं.

मांडवात नामदेवाने क्लॅरिनेट वाजवलं. मला गाण्यातलं फार कळत नाही. पण जेवणारी माणसं हात तसाच ठेवून ऐकत होती, एवढं मी पाहिलं. वाजवून झाल्यावर त्याने भोळेपणाने सगळ्यांना सांगून टाकलं की देऊळगावला आपला फोटो गेलाय, घर कोणतं, मुलगी कशी गुणाची. किसनराव खाटेवर बसून ऐकत होते. माणसाने आपलं सुख चारचौघांत असं पसरून ठेवू नये, हे त्याला कोण सांगणार?

लग्न झाल्यावर किसनरावांनी स्वतःचा फोटो काढायला सांगितलं. बायको जाऊन वर्ष उलटलं होतं. वय चाळिशीच्या पुढे, टक्कल. त्यांनी फेटा बांधला आणि माझा कोट मागितला. त्यांच्याजवळ मुंबईहून शिवून आणलेले कोट होते, पण माझ्या कोटाच्या रेघा त्यांना आवडल्या. पाठ उसवून मी तो चढवला. तेवढ्यात त्यांची दोन मुलं पळत येऊन पडद्यासमोर बापाच्या गुडघ्याला चिकटली.

"या पोट्ट्याईले (मुलांना) तिकडं न्या," ते गड्याला म्हणाले. "फोटोत नाई दिसले पाह्यजे."

मला वाटलं फोटो घरात लावायचा असेल. त्यांनी दोन प्रती घेतल्या.

पुढे मी मेहकराकडच्या गावांत हिंडलो. कोट पाटलाने घातला, तलाठ्याने घातला, एका न्हाव्याने घातला आणि लगेच पाटलाच्या भीतीने काढला. परत चिखलीला आलो तेव्हा नामदेव मळ्यात वांग्यांना पाणी देत होता. मला पाहून त्याने खोरं खाली ठेवलं नाही.

देऊळगावहून नकार आला होता. त्या घरी दोन फोटो पोचले होते, एक त्याचा आणि एक किसनरावांचा. दोघांच्या अंगात एकच कोट. मुलीच्या बापाने दोन्हींतलं वरचं वेगळं बटण ओळखलं आणि निष्कर्ष काढला की कोट डोणगावच्या बड्या घरचा आणि या वाजंत्र्याने तो लग्नात मागून घातला.

"कोट मांगून घातला त मळाबी मांगूनच दाखवला असंन, असं म्हणे थे," नामदेव म्हणाला. "मळा पाहाले या म्हटलं, त येत नाई म्हणे."

मला संताप आला, आणि तो नामदेवासाठी जेवढा होता तेवढाच माझ्या धंद्यासाठी होता. माझी परतीची वाट देऊळगावावरूनच होती. मी त्याला म्हटलं की कोट कुणाचा ते मी स्वतः जाऊन सांगतो. तो नको म्हणाला नाही.

बापाचं नाव सखाराम, तांब्या परत घेणारा तोच. मी दुकानात जाऊन कोट त्याच्या पुढ्यात ठेवला आणि सगळं सांगितलं. हा कोट माझा, दोघांनीही माझ्याकडूनच घातला, मळा नामदेवाचा स्वतःचा, मी डोळ्यांनी पाहिला. किसनरावांना दोन मुलं आहेत आणि फोटोतून ती हाकलली, हेही सांगितलं. सखारामने बटण चाचपून पाहिलं. तो चकित झाला नाही. मुलं आहेत हे त्याला माहीत होतं. किसनरावांशी सुपारीही फुटली होती.

"दोघांनीही मागूनच घातला ना मग?" मी विचारलं.

"किसनरावाले कोटाची गरज काय?" तो शांतपणे म्हणाला. "थ्यानं हौस म्हणून घातला. या पोट्ट्यानं गरज म्हणून घातला. मोठ्याच्या हौसेले कोणी नाव ठेवते का?"

त्या माणसाला फसवलं कोणीच नव्हतं. त्याला जे हवं होतं ते त्याने दोन्ही फोटोंत बरोबर पाहिलं होतं. मी कोट उचलायला हात घातला तर त्याने तो धरून ठेवला.

"आता आणलाच हाय त माहाबी एक काढून घ्या," तो म्हणाला. "लग्नाच्या घरात लावाले होईन."

नाही म्हणायला हवं होतं, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण पेटीत एक काच उरली होती आणि खिशात जालन्याचं भाडं पुरतं नव्हतं. मी मागच्या अंगणात गेलो. सखाराम मिशांना तेल लावायला आत गेला. पडद्याची दोरी लिंबाला बांधायला एक मुलगी आली. तीच कौसल्या, हे तिच्या हातातल्या नव्या बांगड्यांवरून कळलं. तिने गाठ मारली, दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "थो चिखलीवाला खरंच वाजवते काय?"

"वाजवतो. चांगलं वाजवतो."

"मंग कोट काऊन घातला त्यानं?"

तेवढ्यात सखाराम बाहेर आला. ती पदर सावरून आत गेली. मी त्याच्या अंगावर कोट चढवला, मागे चिमटे लावले, हात खुर्चीवर ठेवायला सांगितले आणि फोटो काढला.

जालन्याहून गाडी धरली. डब्यात एक वकील भेटले, त्यांनी वऱ्हाडच्या अगत्याची खूप तारीफ केली आणि मीही केली. पुण्यात आल्यावर मित्र जमले. सगळे फोटो चटईवर मांडले, तेव्हा कोणी म्हणालं की वऱ्हाडात सुबत्ता दिसते, ज्याच्या त्याच्या अंगात कोट. सगळ्यांत चांगला फोटो कोणता यावर वाद झाला आणि शेवटी सगळ्यांनी सखारामचा उचलला. प्रकाश छान होता, चेहरा सालस आला होता. मुलीच्या बापाचा चेहरा असा असावा, असं एकजण म्हणाला.

मी त्यांना सगळी हकीकत सांगितली. ते हसले, मग हळहळले. माझी बायको दाराशी उभी राहून ऐकत होती. ती फोटो एकेक करून पाहत गेली, नामदेवाचा पाहिला, किसनरावांचा पाहिला, सखारामचा पाहिला, आणि विचारलं की यात ती मुलगी कुठे आहे.

तिचा फोटो कोणी मागितला नव्हता, मी सांगितलं. शेवटची काच होती, ती बापाला लागली.

तिने फोटो गोळा करून माझ्या हातात दिले आणि आत गेली.