स्फटिकाची खालची बाजू

सव्वीस वर्षं ती स्फटिक घासत होती. बशीहून लहान, पातळ गोल चकती फिरत्या चाकावर ठेवायची, वर पांढरा पातळ लगदा सोडायचा आणि तासन् तास बोटांनी अंदाज घेत राहायचं. चकती चाकावरून उतरली की तिच्यात खिडकीचे गज दिसत. कारखान्यात तिला सगळे आरसेवाली म्हणत. हजेरीपटावरचं नाव वाचलं तर तीही क्षणभर थांबून मग हात वर करी.

पुढच्या खोलीत त्या चकतीवर केसाहून बारीक धातूचे कंगवे उमटत. मग तिचे तांदळाएवढे तुकडे होत आणि ते रेडिओत जात. एका कंगव्यात वीज शिरली की दगडाच्या अंगावर लाट उठते आणि दुसऱ्या कंगव्याकडे धावते. हवा तेवढाच सूर पलीकडे पोचतो, बाकीचे वाटेतच विरतात. हे तिला जुन्या इंजिनिअरांनी कधीतरी चहा पिताना सांगितलं होतं. दगड थरथरतो म्हणता, मग माझ्या हाताला का लागत नाही, असं तिने विचारल्यावर ते पोट धरून हसले होते. पण त्या दिवसापासून चाक सुरू करताना ती मनातल्या मनात हात जोडू लागली. आपल्या बोटांखाली काहीतरी जागं आहे, एवढं तिला पटलं होतं.

तीन महिन्यांपूर्वी तिची भाची कारखान्यात लागली. बहीण गेल्यावर हिनेच तिला वाढवलं होतं. भाचीचं काम बारीक ते मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीखाली बसून तुकड्याच्या दोन्ही टोकांना मऊ डिंकाचा ठिपका द्यायचं. कंगव्याच्या पुढे गेलेली लाट कडेवर आपटून परत येऊ नये, त्या डिंकात बुडून जावी, म्हणून. पोरीचा हात हलका होता, पण अजून ती कच्च्या नोकरीवरच होती.

आणि माल परत आला. समुद्रातल्या बोटींच्या रेडिओत ते तुकडे बसवले होते. एका बोटीशी बोलताना भलत्याच कुणाचं बोलणं मधे घुसत होतं. चाचणीच्या पडद्यावरच्या रेघेत हव्या सुराच्या मोठ्या उंचवट्याशेजारी एक लहानसं टेंगूळ दिसत होतं. तिथे सपाट असायला हवं होतं.

साहेबांनी हिशेब सरळ मांडला. पोरगी आली तेव्हापासूनचाच माल वाईट, म्हणजे ठिपकेच वाईट. शनिवारपर्यंत टेंगूळ गेलं नाही तर तिला घरी पाठवू, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. त्या संध्याकाळी भाची जेवली नाही. आपण रोज दुर्बिणीत डोळे फोडतो तरी कुठे चुकतो ते कळत नाही, एवढंच म्हणाली.

शुक्रवारी आरसेवाली चाचणीच्या खोलीत गेली. तिथली मॅडम तिच्या भाचीपेक्षा चारपाच वर्षांनीच मोठी, पण डोकं शांत. मॅडमने एका तुकड्याला स्वतःच्या हाताने दुप्पट डिंक लावून बघितला होता. उंचवट्यावरच्या बारीक सुरकुत्या गेल्या, टेंगूळ मात्र तसंच. ठिपक्यांचा दोष नाही असं तिलाही वाटत होतं, पण मग कशाचा, हे साहेबांना सांगायला तिच्याकडे काही नव्हतं.

"मॅडम, सगळी लाट वरूनच धावते का हो?"

"बहुतेक. थोडी आत उतरते, ताई. सरळ तळापर्यंत जाते. पण तळ खरखरीत असतो ना, तिथे आपटून ती विखरून जाते. परत वर येत नाही."

कामाच्या कार्डावर वर्षानुवर्षं लिहिलेलं असे, वरची बाजू आरशासारखी, खालची आहे तशी. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. तिला तो नेहमी आळशीपणा वाटे. तीन महिन्यांपूर्वी नवं चाक आलं, हाताशी वेळ उरू लागला, आणि तिने खालची बाजूही जीव ओतून चकचकीत केली. तुकडा तळाने चिकटवून बसवत, त्यामुळे ती कुणाला दिसलीच नाही.

ती दारापर्यंत जाऊन वळली. सव्वीस वर्षांत तिच्या हातचं काही परत आलं नव्हतं.

"नसतो आता खरखरीत," ती म्हणाली. "मी घासलाय."

"मग लाट तिथून वर उसळून दुसऱ्या कंगव्यात शिरत असणार," मॅडम म्हणाली. मग दोघींनी न बसवलेला एक तुकडा घेतला. आधी मॅडमने तो पडद्यावर दाखवला, टेंगूळ होतंच. मग कंगव्यांना ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांच्यावर लाखेचा लेप दिला. आरसेवालीने काचेवर जाड पावडर पसरली, तुकडा बोटाखाली पालथा धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गुळगुळीत गोष्ट मुद्दाम बिघडवली. हात मागे मागे येत होता. धुऊन, लेप काढून तुकडा पुन्हा जोडला.

पडद्यावरची रेघ डावीकडून सरकत आली. उंचवटा चढली, उतरली, आणि टेंगळाच्या जागी सपाट चालत गेली.

तांदळाएवढा तो दगड. त्याच्याही आत वर एक जग, खाली एक जग, लाटा उतरतायत, तळ गाठतायत, आणि जो खडबडीतपणा तिला सव्वीस वर्षं डाग वाटला तोच त्यांना अडवून धरत होता. बनवणाऱ्याने कुठवर विचार करून ठेवलाय, असं तिच्या मनात आलं आणि अंगावर काटा उभा राहिला. तिने मॅडमला रेघ पुन्हा एकदा काढायला लावली.

तिने स्वतःच जाऊन सांगितल्यावर साहेब पुष्कळ बोलले. न विचारता शहाणपणा करायला कुणी सांगितलं होतं, असंही म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि एकच उत्तर दिलं. "चूक माझी, साहेब. पोरीचे ठिपके बरोबर आहेत. ते तेवढं सगळ्यांसमोर सांगा."

साहेबांनी शनिवारी सकाळी तसं सांगितलं, जरा तुटकपणे. भाचीने मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले. मग स्टूल ओढून ती दुर्बिणीला डोळे लावून बसली. भिंतीपलीकडे मावशीने शिल्लक चकत्यांचा पहिला गठ्ठा पालथा घातला होता, आणि जाड पावडरीचा करकर आवाज जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबला नाही.