टपावरची धूळ

ब्रह्माघाटाच्या गल्लीत माझ्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त गुरुजींकडे गाडी नाही. आमच्या गल्लीत ती शिरतही नाही. तरी गाडीच्या विम्याची पॉलिसी रिन्यू करायची वेळ आली की मोहल्ला त्यांनाच विचारतो. ते बोलायला सुरुवात मराठीत करतात आणि हिंदीत संपवतात.

गेल्या वर्षी, गल्लीबाहेर उभ्या असणाऱ्या माझ्या गाडीच्या विम्यासाठी, मी त्यांना मोबाइलवर एका कंपनीचे पाच तारे दाखवले.

"हे तारे पॉलिसी घेतल्याच्या दिवशी दिलेले," ते म्हणाले. "जिनकी गाड़ी ठुकी है, उनसे किसी ने पूछा?"

मग ते मला सिगरा भागातल्या एका गॅरेजात घेऊन गेले. ठोकलेल्या गाड्या तिथे विम्याच्या मंजुरीची वाट पाहत उभ्या होत्या. गुरुजी प्रत्येकीच्या टपावर बोट फिरवत आणि मिस्त्रीला कंपनीचं नाव विचारत. माझ्या पसंतीच्या कंपनीच्या गाड्यांवर बोट धुळीने भरलं. दुसऱ्या एकीच्या गाड्यांवर जेमतेम डाग लागला. मी तीच कंपनी घेतली.

दिवाळीनंतर शहरातल्या लंका भागात एका ट्रॅक्टरने माझ्या गाडीचं डावं दार आत दाबलं. मंजुरी तिसऱ्या दिवशी आली, आठवड्यात गाडी परत मिळाली. हायसं वाटून मी लवंगलता मिठाईचा पुडा घेऊन गुरुजींकडे गेलो.

पुडा बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, "डावीकडे कोण बसलं होतं?"

"बायको. तिला काही झालं नाही."

इतके दिवस मी सगळ्यांशी फक्त दाराबद्दल बोललो होतो. ती त्या दारापाशी बसली होती, हे आज पहिल्यांदा तोंडून निघालं. गुरुजींनी मला ओट्यावर बसवलं आणि आतून पाणी आणलं.