पत्र्यावरची चौथी रेघ

बाळाराम मिस्त्री गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "सकाळीच गेला, हार्ट अ‍ॅटॅक," पलीकडून आवाज आला. मी 'अरेरे' म्हटलं, फोन पालथा ठेवला आणि ताटातला भात संपवला. वर ताक मागून प्यायलो. महिना उलटला, पण ते ताक आठवलं की मला माझीच किळस येते.

किन्हवलीच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढे मी विटा वाहायला ट्रक घेतला, त्याने शहापूरच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकली. वीस वर्षं माझ्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. त्याची एकच खोड होती. गाडीत काय बिघडलंय ते तो तोंडाने सांगायचा नाही, मालकाला खाली बसवून डोळ्यांनी दाखवायचा. अंगावर लुंगी असो की लग्नाचे कपडे. "सांगितलेला विसरशील रे, बघितलेला नाय विसरनार," म्हणायचा. लोक वैतागायचे. मीही वैतागायचो.

तीन वर्षांपूर्वी इंजिनचा कॅमशाफ्ट गेला. म्हणजे तो दांडा, ज्याच्यावरचे उंचवटे फिरता फिरता वॉल्व्ह उघडतात. मुरबाडचा माझा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ, कुठूनसा नवा घेऊन आला. बाळारामने तो उजेडात फिरवून पाहिला. "वसंता, डबा कंपनीचा हाय. माल कंपनीचा नाय वाटत." मी म्हटलं, "पाहुण्यांनी आणलाय, बसव." त्याने बसवला.

दीड महिन्यात गाडी उभ्या जागी थडथडायला लागली. चढाला दम सोडायची, काळा धूर ओकायची. बाळारामने दोन दिवस घातले. इंजिन चालू ठेवून एकेका सिलेंडरची डिझेलची नळी ढिली केली. प्रत्येक वेळी आवाज पडायचा, चौथ्याला मात्र काही फरक नाही. चौथ्याचा नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, दुसऱ्याला लावून बघितला. दुसरा चांगला चालला, खोट चौथ्यातच राहिली. मग वरचं झाकण उघडून त्याने इंजिन हाताने फिरवलं आणि धूर बाहेर सोडणारा एकेक वॉल्व्ह किती उघडतो ते मोजलं. प्रत्येक माप घेऊन खाली यायचा, उकिडवा बसायचा आणि शेडच्या दाराच्या पत्र्यावर, बसून हात पोचेल तिथे, खिळ्याने त्या मापाची रेघ ओढायचा. सहा सिलेंडरच्या नखाएवढ्या सहा रेघा.

त्या दिवशी मी पोचलो तो कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. मेहुण्याच्या मुलीची हळद होती आणि मेहुणा शेजारीच उभा होता.

"वसंता, वाक जरा. चौथी रेघ बघ."

"मिस्त्री, रेघोट्या काय दाखवता?" मेहुणा म्हणाला. "टायमिंग चुकला सांगा ना सरळ!"

वाकून रेघ बघायची म्हणजे मेहुण्याने आणलेला माल खोटा ठरवायचा, तोही त्याच्या घरच्या हळदीच्या दिवशी. मला सगळं कळत होतं. टायमिंग, म्हणजे दांडा बसवताना जुळवायची वेळ, चुकली तर सहाही सिलेंडर बिघडतात, एकटा चौथा नाही. वीस वर्षांत या माणसाचं टायमिंग एकदाही चुकलं नव्हतं, हेही माहीत होतं. तरी मी म्हणालो, "बाळाराम, टायमिंग तूच चुकवलंस."

त्याने हात पुसले. "बघून बोल रे... येवढाच."

मी वाकलो नाही.

हळदीच्या मांडवात मी तेच सांगितलं. किन्हवलीच्या नाक्यावरही सांगितलं, चार वेळा, चहा पीत. अशी बातमी लोकांना फार आवडते. पावसाळा संपेपर्यंत ट्रकवाले त्याच्या दारावरून हॉर्न मारत थेट शहापूर गाठू लागले. वीस वर्षांचा मिस्त्री पाण्याचे पंप आणि स्कूटर खोलत बसला. एका शब्दाने त्याने कुणाला काही सांगितलं नाही.

शेवटी मुरबाडच्या एका मिस्त्रीने तो कॅमशाफ्ट बाहेर काढला. त्याच्यावर कानस ओढली. ती लोण्यात जावी तशी चावली. "कच्चा लोखंड हाय, शेट. चौथ्याचा उंचवटा घासून गेलाय." अस्सल माल टाकला, गाडी शांत झाली. मी कुणाला सांगितलं? कुणालाच नाही. पुढे बाळाराम शहापूरच्या बाजारात भेटला. "गाडी कशी चालते?" त्याने विचारलं. "मस्त," मी म्हणालो आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. तो पिशवी उचलून गेला. तीच शेवटची भेट.

शोकसभेत ज्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती तेच रांगेने बोलायला उठले. हिरा होता म्हणे. देवमाणूस होता म्हणे. सगळ्यात मोठा हार मेहुण्याने आणला होता. ऐकून शिसारी आली, आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मीही तोंड वर करून बोललो. 'त्याच्या हाताला यश होतं' असं म्हणालो. दोघांनी डोळे पुसले. इतका हलकट मी असेन, असं मलाही वाटलं नव्हतं.

परवा शेडवर गेलो. वहिनी, म्हणजे बाळारामची बायको, दारातच होत्या. दार निळ्या रंगाने रंगवलेलं, फक्त खाली वीतभर चौकोन कोराच.

"मागच्या दिवाळीला रंग मारला," वहिनी म्हणाल्या. "तवा हे बोलले, तेवढा सोड. वसंता येल बघायला."

मी गुडघे टेकले. सहा रेघा होत्या. पाच सारख्या, चौथी निम्मी. चष्मा लावावा लागला नाही, निरखावंही लागलं नाही.

"दिसला का, भावजी?"

"दिसलं, वहिनी. बाळाराम चुकला नव्हता."

"मना काय सांगता? मना म्हाईत हाय." त्यांनी कोऱ्या चौकोनाकडे बोट केलं. "मंग रंगवू का आता तेवढा?"

"थांबा," मी म्हणालो. "आधी नाक्यावर सांगून येतो."

नाक्यावर सांगितलं. "आता गेला ना तो, सोडा," असं म्हणून लोकांनी चहा मागवला. म्हणून इथे लिहितोय. पत्रा अजून कोराच आहे.